यादीत नाव आहे, गावात माणूस नाही

प्रश्न : मी वडवणीला कॉलेजात शिकते. 20 नोव्हेंबर 2024 ला पहिल्यांदा मत दिलं. घरातून मी आणि आजी, दोघीच गेलो. आई आणि अण्णा दिवाळी झाली तसे टोळीबरोबर ऊस तोडायला कारखान्याला गेले होते. दोघांचीही नावं यादीत होती. हल्ली टीव्हीवर मतदार याद्यांवरून पक्षांची रोज भांडणं चालतात, यानं बोगस नावं घातली, त्यानं खरी नावं काढली. अमेरिकेतही कुणाला मत देता यावं यावरून दोन पक्षांत वाद असतो असं वाचलं. मग माझ्या आई-अण्णांचं मत गेलं ते कुणी काढून घेतलं? त्याच्यावर कुणी का भांडत नाही? आणि ते सहा महिने गावात नसतात म्हणून त्यांची नावं कापली जाऊ शकतात का?
— एक विद्यार्थिनी, वडवणी तालुका, जि. बीड

उत्तर : तुमच्या पत्रातला मधला प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी देतो.

नाही, कापता येत नाहीत. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माणूस जिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’, तिथं त्याचं नाव. पुढचं कलम 20 पोटकलम (1क) मध्ये म्हणतं की, राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला एवढ्यानं कुणी तिथला रहिवासी नाही असं होत नाही. तुमचे आई-अण्णा हंगाम संपून पट्टा पडला की परत येतात, घर इथंच, रेशनकार्ड इथलंच. म्हणजे ते वडवणी तालुक्याचेच मतदार. कायद्याची बाजू अशी भक्कम आहे.

पण कायदा कागदावर असतो आणि यादी करणारा माणूस दारात येतो. तो कधी येतो ते पाहा. मतदार यादीची दरवर्षीची उजळणी बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि जानेवारीत अंतिम यादी लागते. प्रारूप यादी लावायची, हरकती घ्यायच्या, सुनावणी करायची, हे सगळं नेमकं त्या महिन्यांत, जेव्हा वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून आणि तांड्यांवरून निम्मी घरं बंद असतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि आजीजवळ ठेवलेली शाळकरी पोरं. बूथ लेव्हल ऑफिसर म्हणजे बहुतेक वेळा गावचेच गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई. त्या ओळखीच्या असल्या तर विचारतील, ‘कारखान्याला गेलेत का?’ आणि पुढं जातील. नव्या असल्या तर कुलूप पाहून ‘स्थलांतरित’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही. दोन्ही शेऱ्यांत एका शब्दाचा फरक आहे, ‘तात्पुरते’ आणि ‘कायमचे’. तो शब्द सांगायला घरात कुणीतरी हवं.

ही भीती हवेतली नाही. बिहारमध्ये निवडणूक आयोगाने 24 जून 2025 च्या आदेशानं मतदार यादीची विशेष सखोल उजळणी केली. 1 ऑगस्टला प्रारूप यादी लागली तेव्हा सुमारे 65 लाख नावं तिच्यात नव्हती. आयोगाच्याच हिशेबानं त्यांतली साधारण 22 लाख मयतांची, 7 लाख दुबार आणि 36 लाख माणसं ‘कायमची बाहेर गेलेली किंवा न सापडलेली’. बिहारही तुमच्या तालुक्यासारखाच पोटासाठी बाहेर जाणारा प्रदेश आहे, तेव्हा या 36 लाखांच्या आकड्यापाशी थांबून विचार केला पाहिजे. यातले खरोखर कायमचे गेलेले किती आणि छठपूजेला घरी परतणारे किती? 14 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं वगळलेल्या नावांची यादी कारणांसह जाहीर करायला लावली, तेव्हा कुठं लोकांना आपलं नाव कोणत्या खान्यात पडलं ते कळू लागलं. आयोगाचं म्हणणं होतं की मयत, दुबार आणि परदेशी नावं काढल्याशिवाय यादी शुद्ध होत नाही. विरोधी पक्षांचं म्हणणं होतं की कागद दाखवण्याचं ओझं गरीब, दलित, मुस्लिम आणि स्थलांतरित यांच्याच अंगावर पडतं. यादी शुद्ध हवी, यात मला शंका नाही. पण शुद्धीकरणाचा खर्च कुणी भरायचा, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

आपल्याकडे या बाबतीत एक जुना आणि चांगला निकाल आहे, तो लक्षात ठेवा. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते त्या काळात मुंबईतल्या आणि दिल्लीतल्या झोपडपट्ट्यांमधल्या हजारो मतदारांना ‘नागरिकत्व सिद्ध करा, नाहीतर नाव जाईल’ अशा नोटिसा गेल्या होत्या. त्यांतले बरेच मुस्लिम होते आणि हाताशी कागद नसलेले गरीब होते. लाल बाबू हुसेन खटल्यात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, ज्याचं नाव आधीच यादीत आहे त्याची नोंद करताना अधिकाऱ्यानं नीट तपासणी केली होती असं धरून चाला. संशय असेल तर नोटीस द्या, संशयाचं कारण सांगा, त्याचं म्हणणं ऐका, आणि त्याच्याकडे जे कागद असतील ते सगळे विचारात घ्या. परस्पर नाव काढणं बेकायदा. झोपडपट्टीतल्या माणसाला मिळालेलं हे संरक्षण तुमच्या अण्णांनाही आहे. फक्त नोटीस येते तेव्हा अण्णा फडात असतात.

आता अमेरिकेचं. तिथं गुलामगिरी संपल्यावरही दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसांना लिहिण्या-वाचण्याच्या परीक्षा, मतदानावरचा कर, धाकदपटशा असल्या युक्त्यांनी मतपेटीपासून लांब ठेवलं गेलं. मोठा लढा झाला आणि 1965 मध्ये मतदान हक्क कायदा आला. ज्या राज्यांचा इतिहास वाईट होता त्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, अशी त्याची कणखर तरतूद होती. 2013 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं शेल्बी काउंटी खटल्यात पाचास चार मतांनी ती निष्प्रभ केली. तेव्हापासून ओळखपत्राची सक्ती, पोस्टाने मतदान, केंद्रांची संख्या, यादीतून नावं काढणं या प्रत्येकावर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्ष समोरासमोर उभे असतात. एक म्हणतो गैरप्रकार रोखतोय, दुसरा म्हणतो गरिबांचं आणि काळ्यांचं मत रोखताय.

आपला पाया निराळा आहे. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, तेव्हा मत हे मालमत्ता आणि करावर अवलंबून होतं. संविधानानं ते मोडून काढलं. कलम 325 प्रमाणे एकच सर्वसाधारण यादी, धर्म-जात-लिंग यावरून कुणाला वगळायचं नाही. कलम 326 प्रमाणे प्रत्येक प्रौढाला मत. मराठवाड्याच्या दृष्टीनं ही केवढी उडी होती! 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य, आणि 1952 मध्ये बीडचा सालगडी आणि त्याचा मालक एकाच रांगेत. त्या पहिल्या यादीचीसुद्धा एक दुखरी गोष्ट आहे. देशभरात, मुख्यत्वे उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीत जाऊ शकली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही; ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. म्हणजे हक्क दिला होता, यादीही होती, आणि तरी माणूस बाहेर. तुमच्या आईची गोष्ट याच जातीची आहे.

म्हणून ‘कुणी काढून घेतलं’ याचं उत्तर एका नावात देता येत नाही. तारीख, अंतर आणि उचल (टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) या तिघांनी मिळून ते मत नेलं.

तारखेचं पाहा. 2004, 2009, 2014, 2019 या चारही विधानसभा निवडणुकांचं मतदान ऑक्टोबरात झालं. 13, 13, 15 आणि 21 तारखेला. टोळ्या निघायच्या तोंडावर किंवा जरा आधी. 2024 मध्ये मतदान 20 नोव्हेंबरला ठेवलं, आणि राज्याचा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून. पाच दिवसांचं अंतर. कारखाना पेटण्याआधी टोळी कोप्या घालून तयार असावी लागते, म्हणजे माणसं त्याच्याही आधी निघालेली. ऊसतोड मजुरांच्या संख्येचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत वेगवेगळे आहेत. मजुरांच्या बाजूनं हा प्रश्न तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत नेला गेला. तरीही तुमचे आई-अण्णा 20 तारखेला फडातच होते.

आणि ही मतं किरकोळ नव्हेत. वडवणी तालुका माजलगाव मतदारसंघात येतो. तिथं 2024 ला विजयी आणि पराभूत उमेदवारांतलं अंतर सहा हजारांच्या आत होतं. त्याच वर्षी 13 मे रोजी बीड लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा मजूर गावी परतलेले होते, आणि निकाल लागला 6,553 मतांनी. मजूर गावात असते तर विधानसभेला कोण जिंकलं असतं, हा अंदाज मी करणार नाही. ऊसतोड मजुरांचं मत एकगठ्ठा असतं हे समजणं हाही त्या माणसांचा अपमानच आहे. पण ज्या मतदारसंघात सहा हजारांनी आमदार ठरतो, तिथं हजारो मतदार कोल्हापूर-सांगली-बेळगावच्या फडात असणं ही साधी गोष्ट नाही.

कुणी म्हणेल, सुट्टी असते की मतदानाला. असते. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 पासून कलम 135ब आहे. कोणत्याही धंद्यात नोकरीला असलेल्या मतदाराला मतदानादिवशी भरपगारी सुट्टी, न दिल्यास मालकाला 500 रुपयांपर्यंत दंड. आता हे कलम फडात नेऊन पाहा. मालक कोण? कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार म्हणतो मी मुकादमाला पैसे दिले, मुकादम म्हणतो माझी उचल अंगावर आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. ज्या दिवशी तोड नाही त्या दिवशी मजुरी नाही, उलट खाडा. साताऱ्याहून किंवा बेळगावहून वडवणीला यायचं-जायचं म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे, दोन-तीन दिवस मोडतात. शिवाय त्याच कलमात एक पळवाट आहे. ज्याच्या गैरहजेरीनं कामाचं मोठं नुकसान होईल त्याला हे कलम लागू नाही. तोडलेला ऊस वाळतो, कारखान्याला सलग ऊस लागतो. या पळवाटेतून सगळा साखरधंदा बाहेर पडू शकेल. त्या कलमाच्या जिवावर एकही कोयता गावी येणार नाही, हे मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

येतात कधी? ग्रामपंचायतीला. 18 डिसेंबर 2022 ला ऐन हंगामात ग्रामपंचायतींचं मतदान झालं. अशा वेळी पॅनेलवाले स्वतः फडावर जातात, मुकादमाशी बोलतात, गाडी लावतात, रात्रीतून माणसं आणतात, मत झालं की परत सोडतात. गावकीत चार-दोन मतांनी सरपंच ठरतो, म्हणून एकेक मत शोधलं जातं. विधानसभा-लोकसभेला हेच केलं तर तो गुन्हा आहे. उमेदवारानं मतदाराला फुकट गाडीनं केंद्रावर नेणं हे 1951 च्या कायद्याच्या कलम 123(5) प्रमाणे भ्रष्ट आचरण ठरतं. कायद्याचा हेतू योग्यच आहे. ज्याच्या गाडीत बसून आलात त्याच्या डोळ्यांपुढं तुम्ही रांगेत उभे असता. पण परिणाम असा की, ज्याला आणायची जबाबदारी आहे ते सरकार आणत नाही आणि ज्याला आणायला मनाई आहे तोच आणतो. मजुराचं मत आणि मजुराचं मिंधेपण एकाच गाडीतून गावात येतं.

मग पक्ष यावर का भांडत नाहीत? माझं मत सांगतो. यादीवरच्या भांडणात प्रत्येक बाजूला ठाऊक असतं की ‘ती’ नावं कुणाची आहेत. 1 नोव्हेंबर 2025 ला मुंबईत विरोधी पक्षांनी आणि मनसेनं मिळून ‘सत्याचा मोर्चा’ काढला, दुबार आणि बोगस नावं काढा म्हणून. भाजपकडून प्रतिप्रश्न आला, मुस्लिम नावांची दुबार नोंद तुम्हाला का दिसत नाही? यादीतल्या चुकीलाही धर्म चिकटला तो असा. आपल्या सोलापूरच्या सीमेला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदचं प्रकरण तर विचार करायला लावणारं आहे. 2023 च्या कर्नाटक निवडणुकीआधी तिथं दुसऱ्यांच्या नावानं फॉर्म 7 भरून 6,018 मतदार वगळण्याचे ऑनलाइन अर्ज आले. तपासणीत खरे निघाले फक्त 24. नावं वगळली गेली नाहीत, आयोगानं गुन्हा नोंदवला. पण अर्ज करणारे कोण, यावर राजकारण पेटलं. अशा भांडणात नफा-तोटा दिसतो. ऊसतोड मजुराच्या मतात तो दिसत नाही. तो सगळ्या पक्षांत वाटलेला आहे, आणि फडापासून कारखान्याच्या संचालक मंडळापर्यंत सगळीकडे सगळ्याच पक्षांची माणसं आहेत. हंगाम आठवडाभर पुढं ढकला म्हटलं तर शेतकऱ्याचा ऊस उभा राहतो, कर्नाटकातले कारखाने आधी पेटले तर ऊस तिकडं जातो. म्हणून कुणालाच हा विषय अंगावर घ्यायचा नसतो.

एकदा हा विषय अंगावर घेण्याचा प्रयत्न झाला होता, तो सांगतो. 29 डिसेंबर 2022 ला निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा केली. परगावी असलेल्या मजुरानं तिथल्याच केंद्रावर जायचं, आणि एकाच यंत्रावर 72 मतदारसंघांपर्यंतच्या मतपत्रिका एकामागून एक दाखवता येतील अशी ती योजना. 16 जानेवारी 2023 ला पक्षांपुढं प्रात्यक्षिक ठरलं. आदल्याच दिवशी विरोधी पक्षांनी बैठक घेऊन हरकत नोंदवली. स्थलांतरित म्हणजे नेमका कोण, परराज्यात आमचा मतदान प्रतिनिधी कुठून आणायचा, यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? या शंका खोट्या नव्हत्या. पण त्यावर तोडगा काढायला पुन्हा कुणी बसलं नाही, आणि विषय थंडावला.

खरं तर नवं यंत्र नसतानाही वाट आहे. 1951 च्या कायद्याच्या कलम 60(ग) खाली आयोग सरकारशी सल्लामसलत करून एखाद्या वर्गाला टपाली मताची मुभा देऊ शकतो. याच वाटेनं 85 वर्षांवरच्या आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांच्या घरी मतदान पथक जातं. सैनिकाला टपाली मत आहे, प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या माणसालाही आहे. काश्मीरमधून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं आहेत. ऊसतोड मजुराला यातलं काहीच नाही. तो आणि न्यू जर्सीतला मराठी अनिवासी मतदार एकाच नियमात बसतात, स्वतः गावच्या केंद्रावर हजर व्हा. एक विमानाचं तिकीट काढू शकतो, दुसऱ्याच्या अंगावर उचल असते.

टपाली मतपत्रिका कोपीत पाठवणं मात्र मला मान्य नाही. मुकादम शेजारी उभा राहील आणि गुप्तता संपेल. पण पथकानं मतपेटी घेऊन कारखान्याच्या अड्ड्यावर जाणं, आडोसा करून मत घेणं, हे जमण्यासारखं आहे. कोण कुठल्या कारखान्यावर आहे याची नोंद आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखाने टनामागे 10 रुपये भरतात, गावोगाव मजुरांना ओळखपत्रं देण्याचं काम झालेलं आहे. ती ओळखपत्रं मतदार यादीशी जुळवली तर टोळी कुठं आहे ते कळेल. हे महाराष्ट्रापुरतं आधी करून पाहता येईल, कारण विधानसभेला माजलगावचा मतदार आणि कराडचा कारखाना एकाच राज्यात, एकाच मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या हाताखाली असतात. पुढची विधानसभा नेमानं 2029 च्या नोव्हेंबरच्या आसपासच येणार. तयारीला वेळ आहे.

तोवर घरचं एवढं करा. दसऱ्याच्या आधी, सगळे गावात असताना, चौघांची नावं यादीत पाहून घ्या. आईचं नाव माहेरच्या-सासरच्या घोळात वेगळं लागलं असेल तर फॉर्म 8 भरा. आजीजवळ आई-अण्णांच्या मतदार ओळखपत्राची आणि रेशनकार्डाची प्रत ठेवा, आणि तिला सांगून ठेवा, कुणी विचारलं तर ‘हंगामाला गेलेत, चैत्रात येतात’ एवढं ठासून म्हण. कारखान्याच्या गावात कुणी ‘इथं नाव घालतो’ म्हणालं तर नको म्हणा. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटं लिहिल्यास 1950 च्या कायद्याच्या कलम 31 खाली वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव वगळलं गेलंच तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथंही न्याय मिळाला नाही तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर पारधी समाजाची काही कुटुंबं पालं टाकून राहतात. ‘पत्ता नाही, मग मतदार कसे?’ असं गावात म्हणतात. खरं का?
— एक शिक्षक, वडवणी

उत्तर : खोटं आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये ज्या कायद्यानं असे समाज जन्मानंच गुन्हेगार ठरवले, तो कायदा उठला आणि 31 ऑगस्ट 1952 ला ते विमुक्त झाले. त्याच वर्षी देशाची पहिली निवडणूक पार पडली. त्यांना मत देण्यापासून धाकानं अडवणं, किंवा अमक्यालाच दे म्हणून दबाव आणणं हा अनुसूचित जमातीच्या व्यक्तीबाबत अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3(1) खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा.

पत्त्याचं म्हणाल तर बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा द्यावाच लागत नाही. त्यानं फॉर्म 6 मध्ये आपण कुठं झोपतो ती जागा लिहायची, मारुतीच्या देवळामागं, नाक्याजवळच्या चिंचेखाली, जी असेल ती. मग तो माणूस खरंच तिथं झोपतो का हे पाहायला बूथ लेव्हल ऑफिसरनं रात्री जायचं असतं, एकापेक्षा जास्त रात्री. तुम्ही शिक्षक आहात, कदाचित तुमच्या शाळेतल्याच कुणाकडे ते काम असेल. फॉर्म भरताना पालावर तुम्ही सोबत बसा, आणि तपासणीच्या रात्री बॅटरी घेऊन बूथ लेव्हल ऑफिसरबरोबर जा.